राजाला व्हायोलिनं नको होती

नागपूरजवळची कामठी वसली ती पलटणींसाठी. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली. चार वर्षांनी, १८२१ साली, कन्हानच्या काठी छावणी उभी राहिली. सीताबर्डीची टेकडी ज्यांनी धरून ठेवली त्यांत मद्रासच्या देशी पायदळाच्या पलटणी होत्या. कामठीच्या छावणीतही पुढे बराच काळ मद्रासी फौजच राहिली, आणि तिच्यामागोमाग तमिळ-तेलुगू बोलणारी कुटुंबंही इथे आली.

पण खुद्द मद्रास इंग्रजांच्या हातात राहिलं ते एका तहामुळे. १७४६ साली फ्रेंचांनी ते घेतलं होतं. ऑस्ट्रियाच्या गादीवरून आठ वर्षं चाललेलं युरोपातलं युद्ध १७४८ मध्ये एक्स-ला-शापेलच्या तहानं थांबलं. त्यात उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लुईबर्ग किल्ला फ्रेंचांना परत गेला आणि मद्रास इंग्रजांना परत मिळालं. याच तहाचा उत्सव म्हणून राजा दुसऱ्या जॉर्जनं २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये आतषबाजी केली. तिच्यासाठी जॉर्ज फ्रिडरिक हॅन्डेलनं जे संगीत लिहिलं ते ‘म्युझिक फॉर द रॉयल फायरवर्क्स’. कामठीत बसून त्याबद्दल बोलायला एवढा धागा मला पुरेसा वाटतो.

बोलणारी दोन माणसं मी कल्पिली आहेत. एक निवृत्त सुभेदार. त्यांचं आयुष्य मिलिटरी बँडमध्ये गेलं, शिक्षण पचमढीच्या मिलिटरी म्युझिक विंगमध्ये झालं आणि आता ते गोरा बाजाराजवळ राहतात. दुसरी त्यांची पुतणी. ती नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवते. माणसं कल्पित असली तरी त्यांचा वाद खरा आहे. हे संगीत ऐकताना माझ्या मनात तो प्रत्येक वेळी चालू असतो.

काकाजी : चोवीस ओबो. बारा बॅसून. नऊ ट्रंपेट, नऊ हॉर्न, टिंपनीच्या तीन जोड्या. तार एक नाही. अन् लिहिणारा कोण, तर ‘मसाया’ लिहिणारा हॅन्डेल! बँडवाल्याला लोक काय समजतात हे मी जन्मभर पाहिलं. वरात नाही तर परेड. खरं संगीत म्हणजे बैठकीचं, अन् मैदानातलं ते नुसतं वाजवणं. इथं त्या काळातला सगळ्यात मोठा माणूस मैदानासाठी लिहून राहिला, अन् जीव ओतून लिहून राहिला.

पुतणी : जीव ओतला असेल, काकाजी, पण हुकमावरून. त्याला राजघराण्याकडून तीन तनखे मिळत होते, मिळून वर्षाला ६०० पौंड. तो राजकन्यांना शिकवायचा, राजाच्या चॅपलचा संगीतकार होता. १७२७ साली ह्याच राजाच्या राज्यारोहणाचं संगीतही त्यानंच केलं. मालकाला आतषबाजी करायची होती आणि तिच्यासाठी आवाज हवा होता.

काकाजी : मंग? पगार मलाही मिळत होता. हुकूम मलाही होता. २६ जानेवारीला कोणती धून वाजवायची हे मी ठरवत नव्हतो. पण धून सुरात वाजली की नाही हे माझंच होतं, त्यात कुणा साहेबाचा हात नव्हता.

पुतणी : वाजवणाऱ्याबद्दल मी बोलतच नाही. मी म्हणते ते त्या दिवसाबद्दल. आठ वर्षं युद्ध झालं, माणसं मेली, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी जिंकलेलं बरंचसं परत केलं. इंग्लंडात ह्या तहावर लोक खूश नव्हते. तेव्हा बागेत लाकूड-कापडाचा भव्य मंडप बांधायचा, दारू उडवायची, वाद्यं वाजवायची, आणि लोकांनी मानायचं की आपण जिंकलो. सत्तेला आपला विजय पटवून द्यायचा असतो तेव्हा ती संगीत मागवते.

काकाजी : अन् तो मंडप जळला, हे सांग ना. एक बाजू पेटली. बांधणारा सेर्व्हान्दोनी इतका भडकला, की दारूकामाच्या अधिकाऱ्यावर त्यानं तलवार उपसली. पाऊस होता, बरीच दारू फुसकी निघाली. राजाचं जे होतं ते त्याच रात्री संपलं. उरलं ते हॅन्डेलचं.

इथे काकाजींची बाजू मला भक्कम वाटते, पण पुतणी ज्या ठिकाणी बोट ठेवते ते ह्यापेक्षा खोल आहे. ह्या रचनेत पहिल्या मोठ्या ओव्हर्चरनंतर छोटे तुकडे येतात, त्यातल्या एकाचं नाव ‘ला पे’, म्हणजे शांतता. संथ, झुलत्या लयीचा तुकडा आहे तो, आणि त्यात हॉर्नवर फार सुंदर जागा आहेत.

पुतणी : ‘ला पे’ मी परवा पुन्हा ऐकलं. ऐकताना समोर तंजावर होतं. १७४९ सालीच, ग्रीन पार्कातल्या त्या रात्रीच्या आगेमागे, इंग्रजांची फौज तंजावरच्या मुलखात शिरली. गादीवर प्रतापसिंह होते, व्यंकोजींच्या वंशातले. त्यांच्याविरुद्ध दुसऱ्या दावेदाराला पुढे करायचं, हे निमित्त. पहिली मोहीम फसली. जूनमध्ये मेजर लॉरेन्सनं कोळ्ळिडम नदीच्या मुखावरचा देवीकोट्टै किल्ला घेतला, आणि हल्ल्यात पुढे होता तरुण क्लाइव्ह. तंजावरशी समझोता झाल्यावर तो दावेदार कुणाच्या लक्षातही राहिला नाही, किल्ला मात्र ईस्ट इंडिया कंपनीकडे राहिला. शांततेचा उत्सव तिकडे आणि मराठी राजाचा किल्ला जातो इकडे, त्याच वर्षी. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साताऱ्याला शाहू महाराज गेले. आपल्याकडे काय सुटत चाललं होतं, याचा कुणालाच अंदाज नव्हता.

काकाजी : हॅन्डेलला देवीकोट्टै माहीत होतं का?

पुतणी : नसेल. पण साउथ सी कंपनीचे शेअर त्याच्याकडे होते, गुलामांच्या व्यापारातल्या आफ्रिकन कंपनीशीही त्याचा व्यवहार झाला होता. पैसा कुठून येतो हे लंडनमध्ये अगदीच गुपित नव्हतं.

काकाजी : (थोडं थांबून) ते मी वाचलं नव्हतं. पण मग तू आपला नगारखाना काहून विसरली? सनई, नगारा, शिंग, कर्णा. तिथंही तार नाही. भोसल्यांच्या दारात काय सतार वाजत होती? दाराशी वाजायचं ते फुंकीचं अन् चामड्याचं, कारण ते गावाला ऐकू जायला पाहिजे. जॉर्ज राजानं तेच मागितलं. अन् ती टिंपनी कुठून आली? घोड्यावर, उंटावर जोडीनं बांधलेला नगारा तुर्कांकडून युरोपच्या फौजांत गेला. ओबो अन् सनई एकाच घरच्या, दुहेरी पात्याच्या. ग्रीन पार्कात जे वाजलं त्यातलं अर्धं सामान आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं आहे.

पुतणी : आणि तिथेच माझा मुद्दा येतो. नगारखाना म्हणजे राजा आहे हे सांगणारा आवाज. वाजवणारे कोण? गुरव, घडशी, मांग, होलार. दारावर बसवलेले, पण दाराच्या आत पंगतीला नसलेले. त्यांच्या चालींना कर्त्याचं नाव नाही. हॅन्डेलचं नाव आपण घेतो. त्या चोवीस ओबोवाल्यांपैकी एकाचं तरी नाव आपण घेतो का?

काकाजी : नाही घेत. माझंही कुणी घेत नाही. बीटिंग रिट्रीटला टाळ्या बँडला पडतात, तिसऱ्या रांगेतल्या युफोनियमला नाही. तू म्हणते ते अन्याय असेल. पण बाई, त्या रांगेत उभं राहण्यात एक सुख आहे, ते तुला बाहेरून दिसणार नाही. नऊ ट्रंपेट आहेत, पण ओळी तीनच. एकेका ओळीवर तिघे. तिघांचा मिळून एक आवाज व्हायला पाहिजे. मधल्याचा सूर चढला की तिघेही पडले. नाव तिथं राहतच नाही.

हे सुख खरं आहे असं मला वाटतं. मात्र ते सुख आहे म्हणून अन्यायाचा हिशेब मिटतो, असं मला वाटत नाही. काकाजीही तसं म्हणत नाहीत. ते आता आपल्या आवडत्या विषयाकडे वळतात, आणि मीही त्यांना थांबवणार नाही. कारण ह्या रचनेतली खरी कारागिरी इथे आहे.

काकाजी : तेव्हाच्या ट्रंपेटला कळा नव्हत्या. सात-आठ फुटांची साधी नळी, दोन वेळा वळवलेली. बोटांचं काम नाही, सगळं ओठांचं. आपल्या बिगुलासारखीच. छावणीत सकाळ-संध्याकाळ बिगुल वाजतो तो तू लहानपणापासून ऐकते. त्यात सूर किती?

पुतणी : चार-पाच.

काकाजी : सा, प, वरचा सा, त्याच्यावरचा ग, त्याच्यावरचा प. झालं. नळी खालच्या भागात एवढेच देते, मधले सूर तिच्यात नाहीत. सलग चाल वाजवायची तर अगदी वर चढावं लागतं, तिथं सूर जवळजवळ येतात : सा, रे, ग... अन् मग येतो मध्यम. तो ना शुद्ध ना तीव्र, दोघांच्या मध्ये. नळीचा अकरावा भाग तो. वाजवणाऱ्यानं ओठानं तो शुद्धाकडे ओढायचा, नाही तर तीव्राकडे. हॅन्डेलला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून ट्रंपेट असतात तिथं तो ‘डी’ सोडून लांब जात नाही. टिंपनीही तेच धरून बसते : डी अन् खालचा ए. आपला सा अन् मंद्र पंचम. तानपुराच म्हण.

पुतणी : म्हणजे सगळी रचना एका षड्जावर?

काकाजी : सगळी नाही. दुसऱ्या राग-रंगात जायचं असलं की तो ट्रंपेटला बसवतो. ‘बुरे’ नावाचा नाच आहे, तिथं नुसते ओबो अन् बॅसून, अन् रंग उदास, डी मायनरचा. एवढ्या मोठ्या ताफ्यातून एकदम हलकं. अन् मग ‘ला रेजुइसाँस’, आनंदोत्सव. एकच चाल तीनदा. पहिल्यांदा ट्रंपेट, दुसऱ्यांदा हॉर्न, तिसऱ्यांदा सगळे मिळून. चालीत काडीचा फरक नाही. तिसऱ्यांदा ती येते तेव्हा छातीत वाजते. मैदानात माणसं दूर दूर उभी असतात. बारीक कलाकुसर तिथं कुणाला ऐकू येत नाही, वाद्यांचा रंग बदललेला ऐकू येतो. हे ज्याला कळलं त्याला बाहेरच्या हवेचं संगीत कळलं.

पुतणी : हे तुम्ही सांगता तेव्हा मला पटतं. पण मग हॅन्डेलला स्वतःला हे का पटलं नव्हतं? राजाला आधी संगीतच नको होतं. लष्करी वाद्यं भरपूर आहेत म्हटल्यावर तो कबूल झाला, पण व्हायोलिनं नकोत म्हणाला. हॅन्डेलनं ट्रंपेट-हॉर्न कमी करून व्हायोलिनं घालायचं ठरवलं. आतषबाजीचा कारभार ड्यूक ऑफ मॉन्टेग्यूकडे होता. राजा नाराज होईल म्हणून तो वैतागला आणि त्यानं पत्रांवर पत्रं लिहिली. व्हॉक्सहॉल बागेत जाहीर तालीम घ्यायलाही हॅन्डेल तयार नव्हता. शेवटी २१ एप्रिलला ती झाली. अर्ध्या क्राउनचं तिकीट, तरी बारा हजारांवर लोक आले असं तेव्हा छापलं गेलं, आणि लंडन ब्रिजवर गाड्या तीन तास अडकल्या. पण तारांच्या बाबतीत राजाचंच चाललं.

काकाजी : अन् बरं झालं.

पुतणी : काकाजी!

काकाजी : खरं सांगतो. राजाला कान होता म्हणून नाही, त्याला नुसता रुबाब पाहिजे होता. पण त्याच्या हट्टानं काम चांगलं झालं. उघड्यावर व्हायोलिन मरतं. चोवीस ओबोंचा जो खरखरीत, धारदार आवाज आहे ना, तारा मिसळल्या की तो गुळगुळीत होतो.

आणि इथे वाद उलटा फिरतो. हॅन्डेलला देव मानणारे सुभेदार राजाच्या बाजूला, आणि राजाचं काही न ऐकणारी प्राध्यापिका हॅन्डेलच्या बाजूला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. दरबारी संगीतावर बोलताना आपण गृहीत धरतो, की हुकूम म्हणजे बंधन आणि कलावंताची इच्छा म्हणजे मुक्ती. प्रत्यक्षात कधी हुकमानं कलावंताला अशा जागी ढकललेलं असतं, जिथे तो आपण होऊन गेला नसता.

पुतणी : त्यानं मात्र ते सोडून दिलं नाही. ओबोबरोबर व्हायोलिनं, बॅसूनबरोबर चेलो, अशा सूचना त्यानं स्वतःच्या हस्तलिखितात लिहिल्या. बरोबर महिन्यानं, २७ मे रोजी, हेच संगीत त्यानं फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये तारा घालून वाजवलं. टाकून दिलेल्या मुलांसाठी थॉमस कोरमनं काढलेली संस्था ती, १७३९ची. मैफल तिच्या मदतीसाठी होती. पुढच्या वर्षापासून तिथे ‘मसाया’ होऊ लागलं, मृत्युपत्रातून त्यानं तिला ‘मसाया’ची प्रतही दिली. राजाच्या बागेतून उचललं आणि अनाथ मुलांच्या दारात नेलं. मला आवडतो तो हा हॅन्डेल.

काकाजी : आपल्याकडेही हे झालं. बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनई दारावरून उचलली अन् मैफिलीच्या मधोमध आणून ठेवली.

पुतणी : हो. पण त्यासाठी दार आधी मोडावं लागतं. संस्थानं गेली, स्वातंत्र्य आलं.

काकाजी : फाउंडलिंगच्या वेळी राजा कुठं गेला होता? होताच ना.

ह्याला पुतणीकडे उत्तर नाही, आणि माझ्याकडेही नाही.

काकाजी : तू मद्रासवर राग धरून बसली, तर मद्रासचंच सांगतो. परत मिळालेल्या त्या मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जमध्ये इंग्रजांचे बँड वाजायचे. चाळीस-पन्नास वर्षांनी एक मुलगा तिथं ते ऐकायचा. मुत्तुस्वामी दीक्षितर. पुढं त्यांनी त्या धुनांवर संस्कृत साहित्य बांधलं, नोट्टुस्वर म्हणतात त्यांना. ‘गॉड सेव्ह द किंग’च्या चालीवर त्यांनी देवीची रचना केली. राजाची चाल देवीला दिली! अन् त्यांचे धाकटे भाऊ बालुस्वामी एका युरोपियन वादकाकडून व्हायोलिन शिकले अन् कर्नाटक संगीतात आणलं. आज तिथं व्हायोलिनशिवाय कचेरी, म्हणजे मैफल, होत नाही. जॉर्ज राजानं ज्याला बागेत येऊ दिलं नाही त्याला दक्षिणेनं घरात घेतलं. अन् तंजावर म्हणते ना तू? प्रतापसिंहांच्याच घरच्या सरफोजी राजांनी पाश्चात्य वाद्यांचा बँड ठेवला. त्याची स्टाफ नोटेशनमधली हस्तलिखितं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत.

पुतणी : सरफोजींचं राज्य तेव्हा कंपनीनं घेतलेलं होतं. १७९९ पासून किल्ला आणि आसपास, एवढंच त्यांच्याकडे होतं. राज्य गेल्यावर बँड आला.

काकाजी : आला तरी. अन् त्यांनी तो नीट शिकून घेतला.

पुतणी : मी नाकारत नाही. दीक्षितरांचं ऐकून मलाही आनंदच होतो. मी एवढंच म्हणते, की चाल आपण घेतली म्हणून ती कोणत्या वाटेनं आली ते पुसायचं नाही. २०२२ साली बीटिंग रिट्रीटमधून ‘अबाइड विथ मी’ काढलं तेव्हा तुम्ही हळहळलात.

काकाजी : हळहळलो. १९५० पासून वाजत होतं. गांधीजींचं आवडतं. पण जागा भारतीय धुनेला दिली, त्याचं वाईट नाही वाटलं. मला वाईट वाटतं ते निराळ्या गोष्टीचं. आपण पितळी बँडसाठी नवं मोठं काही लिहितच नाही. सिनेमातली नाही तर देशभक्तीची चाल घेतो अन् तीच बँडवर बसवतो. मींड पितळेवर येत नाही, मग आपण ती गाळतो अन् उरलेला सांगाडा वाजवतो. हॅन्डेलनं नळीत जे सूर आहेत त्यांतूनच चाल काढली. आपला कुणी त्या अकराव्या सुरावर, त्या अधल्या-मधल्या मध्यमावर, एखादी चीज बांधील का? आपल्या कानाला तर तो सूर चुकीचा वाटायचंही कारण नाही.

पुतणी : तोवर हॅन्डेल वाजवा. कामठीत वाजवा, निवृत्त बँडवाले आहेत ना तुमच्या ओळखीचे. ओबो नसतील.

काकाजी : क्लॅरिनेटवर करू. बॅसूनला युफोनियम. ट्रंपेट सहा मिळतील. टिंपनी नाही, पण मी सा-प लावलेले दोन नगारे बसवीन.

पुतणी : पण सुरुवातीला मी बोलणार. तह काय होता, मद्रास कसं परत मिळालं, देवीकोट्टै कसं गेलं, आणि त्या मद्रासची फौज ह्या गावात का आली.

काकाजी : बोल. पण शेवटी बोल. लोकांना आधी नुसतं ऐकू दे. तू आधीच सांगितलं तर ‘ला पे’ कुणाला ऐकूच येणार नाही, सगळे देवीकोट्टै शोधत बसतील.

पुतणी : शोधू दे. निदान कामठीत तरी शोधू दे.

इथे मी पुतणीच्या बाजूचा आहे. लंडनमध्ये किंवा हालं ह्या हॅन्डेलच्या जन्मगावी हे संगीत आधी नुसतं ऐकावं, इतिहास नंतर. कामठीत मात्र इतिहास रस्त्यावरच आहे, छावणीच्या आखणीत आहे, दोनशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून आलेल्या घरांच्या आडनावांत आहे. तो आधी सांगितल्यानं ‘ला पे’मधला हॉर्न कमी गोड होणार नाही, ह्या गावातल्या ऐकणाऱ्याला ते संगीत आपल्या संबंधातलं वाटेल एवढंच. काकाजींना हे अजून मान्य नाही. कार्यक्रमाच्या कागदावर त्यांनी भाषण पाचव्या क्रमांकावर, ‘ला रेजुइसाँस’च्या नंतर लिहिलं आहे, आणि पुतणीनं ते खोडून एक केलं आहे.